सव्वा महिना थांब

माझ्या लॅबमध्ये पहिल्यांदा आला तेव्हा वाल्मिकचे दोन्ही हात मनगटापर्यंत निळे होते. पांडेसऱ्यात साड्या रंगवायच्या मिलमध्ये कामाला. रक्त घ्यायला मी स्पिरिटने बोट घासतेय, घासतेय... रंग काही हटेना.

"राहू द्या मॅडम. लग्नात हळद लावली तरी हे हात हिरवेच दिसणार."

मी हसले, आणि तिथेच फसले!

रिपोर्ट मात्र हसण्यासारखा नव्हता. रक्ताचा कॅन्सर. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, बरं व्हायचं तर सख्ख्या भावंडाच्या हाडातला मगज हवा. थोरल्या बहिणीचा, जयश्रीचा जुळला. पण तिला सातवा महिना, आणि पाठीतून मगज काढू द्यायचा नाही म्हणून सासू हटून बसलेली, "पाठमाईन मगज काढशात तं पोरीनं काय व्हई?"

वाल्मिक दर आठवड्याला लॅबमध्ये यायचा. रक्त द्यायला दोन मिनिटं, बसायला तासभर.

"बाळाच्या नाळेतलं रक्त चालतं म्हणे?"

"ते लहान मुलाला पुरतं. तुझ्यासारख्या घोड्याला नाही."

"आणि ताईच्या नुसत्या दंडातून काढलं तर?"

"इंजेक्शनं देऊन त्या पेशी रक्तात आणतात... पण गरोदर बाईला ती देत नाहीत. डॉक्टर मगजच म्हणतात."

जयश्रीला मुलगा झाला. सासू विरघळली — सव्वा महिना होऊ द्या, मग न्या. डॉक्टर मात्र घाई करा म्हणत होते.

"काय करू, हर्षदा?"

"थांब ना... ओल्या बाळंतिणीला कशाला ओढायचं?"

खोटं बोलले मी. मुंबईहून तो परतला नाही तर? ह्या भीतीने मला त्याचे तेवढे दिवस हवे होते.

महिना सरता सरता सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं रक्त पाहिलं. काच बिघडलेल्या पेशींनी भरली होती. आता मगज मिळूनही आशा थोडीच होती. बाहेर तो भाच्यासाठी घेतलेलं झबलं घेऊन बसला होता.

"वाल्मिक, आजार वाढलाय. मी तुला थांबवायला नको होतं..."

त्याने झबल्याची नीट घडी केली. "मी तरी कुठे जायला बघत होतो? इथला तासभर चुकला असता ना."

मला रडू आवरेना.

"मुंबईला येशील?"

"कोण म्हणून येऊ?"

"बायको म्हण. खोटं वाटत असेल तर — उद्या खरं करू."

दुसऱ्या दिवशी देवळात त्याने ते खरं केलं. मुंबईत जयश्रीने मगजही दिला. पण उशीर झाला होता.

परतीच्या गाडीत जयश्री होती, तिचं बाळ होतं, मी होते. तो नव्हता.