आकारामच्या सदऱ्यावरचे काळे पट्टे

“खोटं हाय ते! माजा बा दारूला शिवतसुदीक न्हाई!”

बनूचा आवाज दवाखान्याच्या पडवीतून थेट माजघरापर्यंत आला. चारुलता हातातला चहाचा पेला तसाच ठेवून बाहेर धावली. तिच्या मागोमाग मधुकरही पळाला.

गौरी-गणपतीच्या सुट्टीला ही दोघं भावंडं सांगलीहून कराडला काकांकडे आली होती. दरवर्षी इथं आलं की नुसती धमाल असायची. यंदा मात्र पाऊस आठ दिवस थांबायचं नाव घेत नव्हता, कोयनेच्या खोऱ्यात पटकीची साथ होती, आणि घरात कुणी मोठ्यानं बोलतसुद्धा नव्हतं. विष्णुपंतकाका डॉक्टर. त्यांचा कंपाउंडर आकाराम त्यांच्याच फटफटीवरून पाटणच्या बाजूच्या गावांना लस पोचवायचा. परवा तो परत येताना रस्त्याकडेच्या मोरीपाशी पडलेला सापडला. नखशिखांत भिजलेला, तापानं फणफणलेला. आता त्याला न्यूमोनिया झाला होता.

पडवीत नाथाजी दुकानदार छत्री झटकत उभे होते. महायुद्ध संपल्यावर लष्कराचा जुना माल लिलावात निघाला, त्याचं त्यांनी दुकान थाटलं होतं. आकारामचा कोटही तिथलाच.

“डॉक्टरसाहेब, मी काय खोटं बोलेन?” नाथाजी म्हणाले. “अस्सल मिलिटरी वॉटरप्रूफ कोट! अंगात असता तर थेंब लागला नसता. गड्यानं कोट काढून उशाला घेतला असणार आणि पावसात झोपला असणार. उचलून आणणाऱ्यांना अंधारात कोट कुठं होता ते आठवत नाही, पण अंगाला वास येत होता म्हणून सांगत होते!”

“पिशवीतली स्पिरिटची बाटली फुटली व्हती!” बनू ओरडली. ती आकारामची मुलगी, बारा वर्षांची. डोळे रडून रडून सुजले होते.

विष्णुपंतांनी चष्मा काढून पुसला. “बनू, आत जा. आत्ता तो बरा होणं महत्त्वाचं.” मग ते नाथाजींना म्हणाले, “उद्या लस घेऊन मलाच निघायला हवं. माझ्या मापाचा एक कोट काढून ठेवा.”

त्यांनी ‘खोटं आहे’ असं म्हटलं नाही. चारुलताला ते फार लागलं. दहा वर्षं जो माणूस काकांजवळ काम करत होता, त्याच्याबद्दल काका एक शब्द बोलले नाहीत!

आकारामची खोली दवाखान्यामागेच होती. आत तो डोळे मिटून पडला होता. श्वासाची घरघर दारापर्यंत ऐकू येत होती. बनूची आई त्याच्या छातीला शेक देत होती. तिघं मुलं दाराशीच थबकली.

“चारूताई, समदी आळी तसंच बोलतीया,” बनू हळूच म्हणाली. “बा गेला तर लोक म्हनतील, पिऊन मेला.”

चारुलतानं मान वर केली. समोर दोरीवर आकारामचा पांढरा सदरा वाळत होता. आठ दिवसांच्या दमट हवेत तो वाळणार तरी कसा! पण त्यावर हे काय? दोन्ही खांद्यांवर, कोपरांच्या वळणाला आणि पोटावर आडवे काळे पट्टे.

“बनू, हे डाग कसले गं?”

“काय ठावं! आयनं दोनदा धुतला, तरी जाईनात.”

“मोरीतला चिखल असेल,” मधुकर म्हणाला.

“चिखल बरा दोन्ही खांद्यांवर सारखाच लागला! आणि तोही पट्ट्यापट्ट्यानं? बनू, कोट कुठंय?”

कोट दाराआड खुंटीवर होता. चारुलतानं त्याचा खांदा आतून चोळला. बोटं काळी झाली!

“मध्या! अरे, कोट अंगात नव्हता, तर कोटाचा रंग सदऱ्यावर आला कसा?”

मधुकरचे डोळे मोठे झाले. “म्हणजे त्यांनी कोट घातला होता!”

“आणि घालूनही ते भिजले!”

“मग आत्ताच्या आत्ता काकांना सांगू!”

“काका म्हणतील, अस्सल मिलिटरी कोट गळेलच कसा? आधी ते कळायला हवं.” चारुलतानं कोट काखेत घेतला. मग खालच्या आवाजात म्हणाली, “नारायणकाकांना विचारूया.”

नारायणकाका म्हणजे विष्णुपंतांचे धाकटे भाऊ. लढाईत ते ब्रह्मदेशात होते. पलटणीचे निरोप फटफटीवरून पोचवायचं त्यांचं काम. परत आल्यापासून वर्षभर ते मागच्या खोलीत बसून असत. पाऊस लागला की खिडकी लावून घेत, भिंतीकडे तोंड करत. फटफटीला त्यांनी एकदाही हात लावला नव्हता.

मुलं आत गेली तेव्हाही खिडकी बंदच होती.

“काका,” चारुलतानं कोट पुढं केला, “हा कोट गळतो. का गळतो, ते फक्त तुम्हालाच कळेल.”

ते भिंतीकडून हळूच वळले. शेवटी त्यांनी कोट हातात घेतला, नाकाशी नेला, नखानं खरवडला. नखाखाली काळा चिकट थर आला.

“मेण,” ते म्हणाले. “आणि बुटाचं पॉलिश.”

ते उठले. खिडकी त्यांनी स्वतःच उघडली! कोटाचा खांदा उजेडासमोर ताणून धरला. त्यात केसाएवढ्या चिरांची जाळी चमकली.

“कापडाला आतून रबर असतं. वर्षानुवर्षं घडी घालून उन्हाळ्यात पडून राहिलं की घडीवर तडकतं. या चिरा बुजवल्यात. हात लांब करून फटफटीचा दांडा धरला की मेण सुटणार आणि पाणी आत.”

“मग चांगला कोट ओळखायचा कसा?” मधुकरनं विचारलं.

“घडी उलगडून उजेडात बघायची. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली हवी. कोटाची पिशवीसारखी खोळ करून तीत पाणी ओतायचं आणि थांबायचं. आणि फटफटीवर बसणाऱ्यानं खालचा घेर बघायचा. तो दोन्ही मांड्यांभोवती बटणांनी बांधता यायला हवा. नुसता मोकळा घोळदार कोट वाऱ्यानं उडतो, मागच्या चाकात जातो.” त्यांनी कोटाचा घेर मुठीत धरला. “आमच्या पलटणीतल्या मानसिंगचा गेला होता. माझ्यापुढंच होता तो. असाच पाऊस होता.”

बाहेर पन्हळीचं पाणी धबाधबा कोसळत होतं.

“उद्या डाक्टरसायेब असलाच कोट घालून जानार,” बनू पुटपुटली.

नारायणकाकांनी तिच्याकडं पाहिलं. पण ते परत खाटेवर बसले.

दुपारी विष्णुपंत दुकानाकडं निघाले, तेव्हा तिघंही बरोबर गेली. वाटेत चारुलतानं काकांना सदरा दाखवला आणि मेणानं बुजवलेल्या चिरांचं सांगितलं. विष्णुपंत एकदम गंभीर झाले.

“पण नाथाजी कबूल करायचे नाहीत,” ते म्हणाले.

“काका, तुम्ही फक्त गप्प राहा!”

दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं पावसासाठी थांबली होती. नाथाजी पांढऱ्या स्वच्छ सदऱ्यात गादीवर बसले होते.

“या डॉक्टरसाहेब! हा बघा काढून ठेवलाय. काय चकाकी आहे!”

“शेठ, या कोटातून खरंच थेंबही जात नाही?” चारुलतानं भोळेपणानं विचारलं.

“अगं, नदीत उडी मारलीस तरी कोरडी निघशील!”

“मग तुम्हीच घालून दाखवा की! आम्ही सांगलीला जाऊन सगळ्यांना सांगू!”

“फकस्त पाच मिंटं, त्या पन्हळीखाली,” बनू म्हणाली. “का भ्या वाटतंय?”

गिऱ्हाइकं हसली. “घाला की शेठ! आमी बी घेतू मग!” एक म्हातारबाबा म्हणाले.

नाथाजी अडकले. क्षणभर त्यांनी कोटाकडं पाहिलं, मग हसून तो अंगात चढवला. पाच मिनिटं उभं राहायला काय होतंय!

“असं नाही! फटफटीवर बसल्यासारखं!” मधुकरनं रिकामं पिंप पन्हळीखाली आडवं लोटलं होतं. “बसा! हात लांब! आता वळण आलं, डावीकडं झुका! खड्डा! उजवीकडं!”

लोक खदाखदा हसत होते. नाथाजींच्या खांद्यांवर पाणी आदळत होतं. बनू मात्र हसली नाही. ती मुठी आवळून बघत होती.

पाच मिनिटांनी नाथाजी दुकानात शिरले. “बघितलंत?” म्हणत त्यांनी कोट काढला आणि सगळं हसू बंद पडलं.

पांढऱ्या सदऱ्यावर काळे पट्टे उमटले होते. दोन्ही खांद्यांवर, कोपरांना आणि पोटावर. सदरा अंगाला चिकटून पाणी निथळत होतं.

चारुलतानं पिशवीतून आकारामचा सदरा काढून शेजारी धरला.

“तेच डाग!” म्हातारबाबा म्हणाले. “आरं, तेच की रं!”

नाथाजी मटकन गादीवर बसले. “बंद गठ्ठा घेतला होता, साहेब. उघडल्यावर चिरा दिसल्या. वाटलं, मेण लावलं की एक पावसाळा निघेल. कुणाच्या जिवावर बेतेल असं मनातसुद्धा आलं नाही!”

“आणि वर त्याला दारुडा ठरवलंत,” विष्णुपंत म्हणाले.

“सगळा गठ्ठा खाली काढा.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. दारात नारायणकाका उभे होते! छत्री नाही, टोपी नाही, अंगावरून पाणी ओघळतंय.

त्यांनी एकेक कोट उजेडात धरला, शिवणी चाचपल्या, खोळीत पाणी ओतलं. चाळीस कोटांतून तीन धड निघाले. त्यातला मांड्यांभोवती बटणं असलेला एक त्यांनी बाजूला ठेवला. बाकीचे पाठीवर उभे चर्र फाडून त्यांनी त्यांचा ढीग केला.

“दादा, तुझी छाती नाजूक आहे,” ते विष्णुपंतांना म्हणाले. “लस मी नेतो.”

“नारायण, तुला जमेल?”

“माहीत नाही,” नारायणकाका म्हणाले. “पण पावसात कसं जायचं ते मला येतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नारायणकाकांनी कोटाचं शेवटचं बटण लावलं. फटफटी सुरू झाली आणि पाटणच्या रस्त्यानं पावसात दिसेनाशी झाली. ते अंधार पडायच्या आत परतले. पेटीतली लस सगळ्या गावांत पोचली होती.

आकारामचा ताप पाचव्या दिवशी उतरला. पण एक फुप्फुस कायमचं अधू झालं होतं. यापुढं पावसाळ्यात घराबाहेर पडणं नाही, असं विष्णुपंतांनी बनूच्या आईला सांगितलं. मग ते त्याच्या खाटेजवळ बसले. दारात आळीतले लोक जमले होते. ते ऐकतील अशा मोठ्या आवाजात ते म्हणाले,

“आकाराम, तू प्यालेला नव्हतास, कोट अंगात होता आणि तू कामावर होतास. हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी डॉक्टर, पण तुझा सदरा मी पाहिला नाही. या पोरांनी पाहिला. शाबास रे पोरांनो! चारू, तुझ्याएवढी नजर मला असती तर बरं झालं असतं.”

दारातल्या म्हातारबाबांनी पागोटं काढून हातात घेतलं. “आमचं चुकलं, आकारामा,” ते म्हणाले.

चारुलताला वाटलं, आता आकाराम हसेल. पण तो भिंतीकडं वळला आणि त्याचे खांदे गदगदू लागले. बनू खाटेवर चढून त्याच्या पाठीला टेकून बसली.

“बा, रडू नगंस,” ती म्हणाली. “समद्यांनी आयकलंय आता.”