हौसाबाईंचा वाटा

चहाची वेळ झाली, की चिंचेच्या गल्लीत सगळ्यांच्या तोंडाला एकदम कोरड पडायची. भजी तळणाऱ्या शेवंताकाकूंचा झारा थांबायचा, तालमीत जोर काढणारे खाली बसायचे, चौकीतले हवालदार तांबोळी फोनवर बोलता बोलता अडखळायचे. मग कुणीतरी म्हणायचं, "आली बघा संग्रामची!" आणि घरोघरी खडीसाखरेचा खडा तोंडात पडायचा. जीव कासावीस व्हायचा, पण तेवढ्यापुरताच. खडा विरघळेपर्यंत गल्ली पुन्हा कामाला लागलेली असायची.

सरकारी कागदावर या प्रकाराला लांबलचक नाव होतं. कोल्हापूरकरांनी ते ऐकून घेतलं आणि आपलं 'वाटप' म्हणायला सुरुवात केली. व्यसनी माणसाच्या मेंदूत तल्लफ उठते, ती शेवटी विजेच्या लहरींचीच एक ठरावीक घडण. कानामागे कातडीखाली बसवलेला तिळाएवढा मणी ती लहर ओढून घेतो आणि आसपासच्या वाटेकऱ्यांच्या मण्यांकडे थोडी थोडी धाडून देतो. एकट्याला चोरी करायला लावणारी तल्लफ अख्ख्या गल्लीत वाटली, की प्रत्येकाच्या वाट्याला येते ती नुसती कोरड. पोलीस चौकी, दवाखाना आणि तालीम या तिघांनी मिळून ही योजना आणली, तेव्हा लोकांनी चेष्टा केली. पण मोटारसायकली लावल्या जागी सापडू लागल्या, नशेच्या पुड्या विकणाऱ्यांना गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा चेष्टा करणारेच कान पुढे करून रांगेत उभे राहिले.

संग्राम चौगले हा गल्लीतला शेवटचा रुग्ण. एकेकाळी आईच्या गळ्यातला सोन्याचा डाग पळवणारा हा गडी आता तालमीचा कारभार बघत होता. मणी काढायच्या दिवशी तो आईला, हौसाबाईंना, घेऊन डॉक्टर नफिसा मुजावरांकडे गेला. वाटपाची कल्पना या डॉक्टरांचीच.

डॉक्टरांनी त्याचा मणी यंत्रावर तपासला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"संग्राम, तुझ्या मेंदूत दिवाळीपासून तल्लफ उठलेलीच नाही."

"आवो, मग रोज गल्लीला येती ती कुनाची?"

हौसाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. डॉक्टरांनी यंत्र त्यांच्या कानामागे टेकवलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

"हौसाबाई, तुम्ही दुसऱ्यांचे वाटे घेत होतात?"

तशी सोय होती. आजारी माणसाला आराम मिळावा म्हणून. कानाला कान लावला, की एकाचा वाटा दुसऱ्याकडे जायचा.

"घेतलं की," हौसाबाई म्हणाल्या. "शेवंताच्या सुनंचं दिवस भरलेलं. हवालदारांना ताप. पोरगं माझं, आनि कोरड सगळ्या गल्लीला? मला भीड वाटायची वो. म्हनून रोज एकेकीच्या दारात जायची. म्हनायची, दे इकडं, आज मी घेते."

डॉक्टरांचा आवाज खाली आला. "मी फक्त एकूण बेरीज बघत होते. ती बरोबर यायची. सगळं तुमच्या एकट्या डोक्यात साठतंय, हे मला दिसलंच नाही. थोडी तल्लफ मेंदू विसरून जातो. एवढी साठली, की तो ती शिकतो आणि आपली आपणच उठवायला लागतो. आता ही तल्लफ तुमची आहे. मणी सगळे सारखेच, ते आता तुमची वाटतायत. घेणं बंद ठेवलंय ते फक्त संग्रामच्या मण्याचं."

"तरीच," हौसाबाई म्हणाल्या. "परवा भाजी आनायला निघाले, तर पाय स्टँडामागच्या बोळात. पुड्या मिळायच्या म्हनं तिथं. मी का आले, माझं मलाच कळंना. उभ्या उभ्या रडले."

संग्रामनं आईचा हात घट्ट धरला. "डॉक्टर, माझा मणी काढू नगा. हिचं सगळं मला द्या."

"तुला कणभरही देता येणार नाही. इतरांना ती नुसती कोरड आहे. तुझ्या मेंदूला ती जुनी पायवाट आहे, एका कणानं तू परत तिथं पोचशील. तुझ्या आईची तल्लफ गल्लीत कुणालाही वाटता येईल. फक्त तुला सोडून."

"आनि हिची कधी जायाची?"

"तुझी जायला वर्षं लागली. यांचं वय बघता..." डॉक्टरांनी यंत्र बाजूला ठेवलं.

"काढा वो त्याचा मणी," हौसाबाई म्हणाल्या. "सगळं चाललं होतं ते कशापायी?"

मणी निघाला. संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर संग्रामनं जमलेल्यांना सगळं सांगून टाकलं. मग शेवंताकाकू उसळल्या. "आजपास्नं कुनी हौसाला वाटा दिला, तर गाठ माझ्याशी हाय!" एवढं बोलून त्यांनी डोळ्याला पदर लावला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला झारा थांबला. "आली बघा हौसाची," कुणीतरी म्हणालं, आणि घरोघरी हात खडीसाखरेकडे गेले. उंबऱ्यात बसलेल्या हौसाबाईंनी डोळे मिटून घेतले. संग्राम त्यांना खेटून बसला होता. सगळ्या गल्लीत कोरड न पडलेला तो एकटाच. त्यानंही एक खडा तोंडात टाकला आणि वाट पाहिली.

त्याला तो नुसता गोड लागला.