रईसा सिस्टरचा शब्द

जळगावच्या त्या लहानशा दवाखान्यात भरदुपारी रईसा सिस्टर नूतनला शेवटचं इंजेक्शन द्यायला निघाली, तेव्हा ती खुशीत होती. चोपड्याची ही कोवळी पोर उद्या घरी जाणार होती. किती दिवसांनी रईसाला कुणाला तरी चांगलं सांगायला मिळणार होतं.

मनात बेबाबाई मात्र सलत होतीच. इथंच दाखल झालेली, रावेरकडच्या केळीच्या बागेतली ती म्हातारी. गावात कुणीतरी 'दुखणार नाही' म्हणत सुई खुपसली, तेव्हापासून अंगाला हात लावू देईना. दुधानं तोंड पोळलेलं, ती ताकही फुंकून पिणार. रईसानं तिला कधी फसवलं नाही. दुखणार असेल तर दुखेल म्हणायची, औषध कडू असेल तर कडू. तेवढ्यावर म्हातारीनं तिला लेकीसारखं मानलं.

म्हातारीच्या शेवटच्या दुपारी खोलीत दोघीच होत्या. बेबाबाईनं हळूच विचारलं, "मी घरी जाईन ना वं माय?"

डॉक्टरांनी सकाळीच हात टेकले होते. खरं सांगायला रईसाची जीभ रेटेना.

"हो अक्का, जाल."

म्हातारी समाधानानं हसली अन् संध्याकाळच्या आत गेली. ते हसू रईसाच्या काळजात रुतलं. तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता त्याच खोलीत, म्हातारी गेल्यानंतर दाखल झालेली नूतन होती. शेजारची बेबाबाईची खाट अजून रिकामीच. पंखा कुरकुरत होता. फिनेलच्या वासाखालून केळीच्या ओल्या पानांचा वास येत होता... कुठून, कोण जाणे.

नूतननं मुकाट्यानं हात पुढे केला. इतर सिस्टरांना पळवून लावतेस, मग माझ्यावरच एवढा भरवसा कसा, असं रईसानं थट्टेनं विचारलं.

"त्या आजीनी सांगं," रिकाम्या खाटेकडे बघत नूतन पुटपुटली. "सिस्टर बठ्ठं, सगळं खरं सांगस... फक्त घर जावानं इचारू नको."

सुई कशीबशी देऊन रईसानं पोरीचा हात घट्ट धरला. "उद्या तू घरी जाणार, नूतन. डॉक्टर म्हणाले. खरंच गं."

नूतननं पुन्हा त्या खाटेकडे बघितलं. मग तिचे डोळे भरून आले.

"आजी नही म्हणस..."

या खेपेला रईसा एक अक्षरही खोटं बोलली नव्हती. पण तिच्या मुठीतला तो हात, मघाशी गार असलेला, बघता बघता तापत चालला होता.