उडी मारलेला घोडा

घोडी पोचवायची, एवढंच काम होतं. गोरेगावच्या तबेल्यातून निघायचं, भोरच्या पुढे उंबरदऱ्याला जायचं, शनिवारचा कार्यक्रम उरकून रविवारी परत. इद्रिसने असली कामं हजार केली असतील. तुम्ही त्याला बघितलंय, पोरांनो. परवा वरातीच्या सीनला पाच घोडे घेऊन आला होता तो, पांढऱ्या दाढीचा, तोंडातून शब्द न काढणारा. पूर्वी असा नव्हता. त्याच्या बडबडीला कंटाळून साउंडवाले त्याला गेटाबाहेर उभा करायचे. ही गोष्ट त्याने मला एकदाच सांगितली. मी पदरचं काही घालत नाही. जनरेटर गार होईस्तोवर बसा, आणि मधे कुणी फिदीफिदी हसायचं नाही.

तारीख दहा जानेवारी, साल दोन हजार पंचवीस. शुक्रवार. पौषातली एकादशी.

उंबरदऱ्याचं नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण ती दरी तुम्ही शंभर वेळा बघितलीय. पिक्चरचं नाव मी रात्री घेत नाही. हिरो पांढऱ्या घोड्यावरून दरी ओलांडतो, ते. कळलं ना? हां. त्या उडीला अख्खं थेटर उभं राहायचं. एकोणऐंशीच्या जानेवारीत तिथे शूटिंग झालं, पिक्चर लागलं ऐंशीला. त्याला पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून पिक्चरवेड्यांच्या एका मंडळाने दरीच्या काठावर मेळावा ठेवला होता. पांढऱ्या घोडीवर बसून फोटो काढायचे, एवढीच त्यांची हौस.

इद्रिसचा बाप यासीन त्या पिक्चरमध्ये हिरोचा डुप्लिकेट होता. मारामारी, घोडदौड, सगळं तोच करायचा. शूटिंगला गेला तो परत आला नाही. इद्रिस तेव्हा सात वर्षांचा. फाइट मास्टर हरबक्षसिंग स्वतः जोगेश्वरीला त्यांच्या खोलीवर आले आणि खाली मान घालून म्हणाले, "भाभी, यासीन पळाला. नाचणाऱ्या ग्रुपमधल्या एका बाईबरोबर. दुबईला. मोठी उडी त्याने मारायची होती, पण आदल्या रात्रीच गायब झाला. शेवटी हिरोने स्वतः मारली."

इद्रिसच्या आईने निकाहचा फोटो चुलीत घातला. नवऱ्याचं नाव घरात काढायचं नाही, असा दंडक झाला. बत्तीस वर्षं ती त्याला शिव्या देत जगली आणि शिव्या देतच गेली. आणि पोराला कोणी वाढवलं? हरबक्ष मास्टरांनी. शाळेत घातलं, घोड्यावर बसवलं, पहिला तबेला काढून दिला. "पुत्तर" म्हणून हाक मारायचे. इद्रिस त्यांना उस्ताद म्हणायचा, पण मनात म्हणायचा बाप.

तर शुक्रवारी संध्याकाळी तो घोडी टेम्पोत चढवत होता, तेवढ्यात मास्टरांचा फोन. चौऱ्याऐंशी वर्षांचे, अंधेरीला अंथरुणाला खिळलेले.

"पुत्तर, कुठे निघालास?"

"उंबरदऱ्याला, उस्ताद. तुमच्या पिक्चरचा मेळावा आहे."

मास्टर म्हणाले, "तू नको जाऊस. घोडी दुसऱ्या कुणाबरोबर पाठव."

"का?"

"रस्ता खराब आहे."

"उस्ताद, आता तिथे सिमेंटचा रस्ता झालाय," इद्रिस हसून म्हणाला आणि निघाला.

मंडळाचे सेक्रेटरी केळुसकर टेम्पोत त्याच्या शेजारी बसले. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, हातात वही, आणि त्या पिक्चरची एकूण एक माहिती तोंडपाठ. पनवेल गेलं, खंडाळा गेला, यांचं तोंड काही थांबेना. हिरोइनला विहिरीच्या सीनला ताप होता. पावसाचं पाणी टँकरचं होतं. दरोडेखोरांतला एक मूळचा कॅन्टीनवाला होता.

"आणि ती उडी, इद्रिसभाई? सगळे म्हणतात हिरोने स्वतः मारली. मी ती एकेक चित्र थांबवून बघितलीय. उडताना गळ्यात लाल रुमाल, उतरताना तपकिरी. ही चूक जगाला माहिती आहे. पण दुसरी एक फक्त मला माहिती आहे."

"कसली?"

"उडणारा घोडा पूर्ण पांढरा आहे. उतरणाऱ्याचा पुढचा डावा पाय खुराजवळ काळा. घोडाच वेगळा!" केळुसकर टाळी द्यायला हात पुढे करून हसले. "म्हणजे बघा, ज्या घोड्याने उडी मारली, तो उतरलाच नाही."

इद्रिसने टाळी दिली नाही. उस्ताद नेहमी सांगायचे, एक घोडा, एक टेक, कट. घोडेवाल्याचा मुलगा तो. एका घोड्याने नीट उडी मारली, तर दुसरा घोडा आणायचं कारणच काय?

उंबरदऱ्याला पोचले तेव्हा रात्रीचा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. केळुसकर शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून लगेच घोरायला लागले. इद्रिसने घोडी उतरवली. इतक्या लांब उभी राहून आली होती, पाय मोकळे करायला हवे होते. खोगीर टेम्पोतच ठेवलं, नुसता दोर धरला आणि दरीच्या अंगाने जाणाऱ्या रस्त्याने चालायला लागला. चांदणं चांगलं होतं. थंडी मी म्हणत होती.

दोनशे पावलांवर घोडी थांबली.

चुचकारलं. हलेना. कान पुढे केलेले, अंगाला बारीक कापरं.

रस्त्याकडेच्या दगडावर एक माणूस बसला होता. तरणाबांड, अठ्ठावीस-तीसचा. भरजरी अंगरखा, गळ्यात रुमाल. मेळाव्याला नटून आलेला कोणी हौशी असेल, असं इद्रिसला वाटलं.

"चाचा," तो म्हणाला, "शॉट लागला का?"

"उद्या आहे बाबा मेळावा. झोप जाऊन."

"उद्या नाही. मास्टर म्हणाले, ऊन उतरायच्या आत घ्यायचा." तो उठला. घोडीजवळ आला. इद्रिस म्हणायला गेला, लाथ मारेल, लांब राहा. पण त्याने मानेवर, आयाळीत हात ठेवला आणि घोडीचं कापरं थांबलं. एकदम. तो तिच्या पोटाखालून हात फिरवत राहिला. उघड्या पोटाखालून, जिथे खोगिराचा तंग, म्हणजे पट्टा, आवळतात तिथून.

"तंग विरलाय," तो म्हणाला. "बघा ना. इथे दोरे सुटलेत. उडी घेताना खोगीर फिरेल. मी मास्टरांना दोनदा दाखवला. म्हणाले, एका टेकचा प्रश्न आहे, यासीन, नखरे नको."

इद्रिसने दोर हाताला दोनदा गुंडाळला.

"कोण... कोण मास्टर?"

"हरबक्ष मास्टर. दुसरे कोण? चाचा, एक काम कराल? तुम्ही मुंबईचे दिसता. जोगेश्वरीला माझ्या घरी निरोप द्या. बायकोला सांगा, काम संपलं की पहिल्या गाडीने येतो. पोरगा सात वर्षांचा आहे. मी गेल्याशिवाय झोपत नाही तो."

बावन्न वर्षांचा माणूस... समोर बाप... त्याच्या निम्म्या वयाचा.

"सांगाल ना?"

इद्रिसने मान हलवली.

"सांगा नक्की." तो हसला. मग त्याने दरीकडे बघितलं. कोणीतरी हाक मारल्यासारखं. "चला. बोलावतायत."

गेला. काठाकडे. चांदण्यात जरीचा अंगरखा दिसत होता. मग दिसेना.

आणि टापा.

घोडी तर इथेच उभी होती. तरी टापा. आधी लांबून. मग जवळ. मग इद्रिसच्या अगदी अंगावरून... वारा आला नाही. धूळ उडाली नाही. नुसता आवाज. काठापर्यंत.

तिथे थांबला.

उतरल्याचा आवाज आलाच नाही.

किती वेळ तो उभा होता, त्याला ठाऊक नाही. दोन वाजून चाळीस मिनिटांनी त्याने फोन लावला, हे फोनवर आहे. दुसऱ्या रिंगला उचलला. म्हातारा जागाच होता.

"उस्ताद. तंग विरलेला होता?"

...

"उस्ताद. मी विचारतोय. माझ्या बापाने तुम्हाला दोनदा दाखवला होता?"

"कुणी सांगितलं तुला?" मास्टर म्हणाले.

खोटं आहे, असं नाही म्हणाले. कुणी सांगितलं, असं विचारलं. इद्रिस मला म्हणाला, काका, तोपर्यंत मी देवाला विनवत होतो की मला भास झाला असू दे.

मग म्हातारा बोलत सुटला. पोलीस आले असते तर पिक्चर बंद पडलं असतं. दोनशे माणसांची चूल होती. प्रोड्युसर पायावर डोकं ठेवून रडला. घोडा आणि माणूस दोघांना रातोरात खाली दगडांखाली ठेवलं, गावात सांगितलं नुसता घोडा गेला. आठवड्याने दुसरा घोडा आणून उतरण्याचा शॉट घेतला.

"आणि ती बाई? दुबईवाली?"

"अशी कुणी बाईच नव्हती, पुत्तर."

"पुत्तर म्हणू नका." इद्रिसचा आवाज अगदी खाली गेला होता. "अम्मी त्याला शिव्या देत मेली. एक फातिहा नाही वाचला कुणी त्याच्या नावाने. आणि तुम्ही... तुम्ही मला मांडीवर बसवून तो पिक्चर दाखवलात. उडी आली की माझे दोन्ही हात धरून टाळ्या वाजवायचात. आठवतं? माझा बाप मरत होता पडद्यावर. आणि तुम्ही माझ्या हातांनी टाळ्या वाजवल्यात."

पलीकडे म्हातारा रडत होता. "मी तुला पोटच्या पोरासारखा..."

"त्यापेक्षा मला भीक मागायला लावायची होती," इद्रिस म्हणाला आणि फोन बंद केला.

सकाळी गावातला एक गुराखी त्याला दरीत घेऊन गेला. खाली दगडांची रास होती. शेंदूर फासलेला, नारळाच्या करवंट्या पडलेल्या. "हे आमचे घोडेबुवा," गुराखी म्हणाला. "पिक्चरवाल्यांचा घोडा पुरलाय इथे. गुरं आजारी पडली की आम्ही नारळ देतो." इद्रिसने त्याला काही सांगितलं नाही. डोक्यावर रुमाल टाकला, हात उचलले आणि शेहेचाळीस वर्षांनी बापाच्या नावाने फातिहा वाचला. गुराख्याने पायातल्या वहाणा काढल्या आणि उगाच हात जोडून उभा राहिला.

मेळाव्याला घोडी दिली नाही. केळुसकरांना वर आल्यावर सगळं सांगितलं. त्यांनी वही उघडली, मग मिटली. मार्चमध्ये हरबक्ष मास्टर गेले. शेवटचे दोन महिने रोज इद्रिसला फोन करायचे. त्याने एकदाही उचलला नाही. मयतीला गेला, पण खांदा दिला नाही. लांब उभा राहिला.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, थकलेला माणूस, थंडीची रात्र, केळुसकरांनी डोक्यात भरवलेलं. पण त्या शनिवारी घोडी टेम्पोत चढवताना इद्रिसला दिसलं की तिच्या आयाळीत, मानेच्या उजव्या अंगाला, एक बारीक वेणी घातलेली आहे. करंगळीएवढी. घट्ट. आणि टोकाला ती गवताच्या काडीने बांधलेली. हिरव्यागार काडीने. पौषात तो सगळा माळ वाळून पिवळा पडलेला असतो.

घोडी ती सोडवू देत नाही, चावायला येते. परवा मी तबेल्यात मुद्दाम जाऊन बघितली.

काडी अजून हिरवी आहे.