शून्यामागची फौज

रविवारी चहा होण्याआधी विजया खोब्रागडे रक्षामापकावर बोट टेकवायची. काडेपेटीएवढं ते यंत्र रक्ताचा थेंब घेई आणि कोविडच्या लशीनंतर शरीरात किती प्रतिपिंडं तयार झाली ते सांगे. विजयाचा आकडा कायम शून्य यायचा.

त्यामागचं कारण तिला ठाऊक होतं. तिला लिम्फोमा, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला होता. बिघाड बी-पेशींमध्ये होता. औषधानं त्या मारल्या, त्यांच्याबरोबर चांगल्या बी-पेशीही गेल्या. प्रतिपिंडं बनवतात त्या याच पेशी. कर्करोग आटोक्यात आला, पण लस टोचूनही उपयोग दिसेना. त्यामुळे भंडाऱ्यातल्या मुलींच्या कबड्डी संघाची ही प्रशिक्षक घरात बसून पडद्यावर सराव बघायची आणि मैदानावरच्या भोंग्यातून ओरडायची.

त्या रविवारी मापकात नवी पट्टी होती. शून्याखाली आणखी एक आकडा उमटला, चांगला मोठा. विजयानं लगेच नागपूरला तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. तबस्सुम शेख यांना फोन लावला.

"यंत्र बिघडलं वाटतं, मॅडम."

"नाही, विजयाताई. ही पट्टी टी-पेशी मोजते. विषाणूचे निर्जीव तुकडे समोर ठेवले की ज्या पेशी खवळून उठतात, त्या. औषधानं त्यांना हात लावला नव्हता. लस त्यांनी नीट ओळखली आहे."

"म्हणजे मला लागण होणार नाही?"

"होऊ शकते. पण तुमचं शरीर झुंजेल. मास्क लावून मैदानावर जा."

विजयाचे पती प्रभाकर यांनी त्याच दिवशी तिचे बूट धुऊन उन्हात ठेवले. जिल्ह्याचा अंतिम सामना जवळ आला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचाच फोन आला. त्यांच्या वॉर्डात रेवती नावाची तरुणी होती. अस्थिमज्जा बदलल्यावर तिची जुनी प्रतिकारशक्ती पुसली गेली होती, नवी अजून उभी राहिली नव्हती. विषाणू फुप्फुसांत ठाण मांडून बसला होता. तिच्या ऊतींचा प्रकार, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, विजयाशी जुळत होत्या.

"तुमच्या टी-पेशी तिला देता येतील," डॉक्टर म्हणाल्या. "पण काही आठवडे तुमच्याकडे त्या कमी राहतील. तोवर घरातच."

"माझा कर्करोग तिच्यात जाईल ना?"

"म्हणूनच आजवर तुमच्यासारख्यांकडून कुणी काही घेतलं नाही. आता आमच्याकडे आलेलं नवं यंत्र विषाणू ओळखणारी टी-पेशी एकेक करून वेचतं. बी-पेशी एकही राहिली नाही हे तपासल्याशिवाय मी पुढे जाणार नाही."

प्रभाकर ऐकत होते. "आत्ता कुठं बाहेर पडायला भेटते, अन् लगेच परत कोंडून घेशील? काहून? दुसरा कुणी नाही का?"

"शोधेपर्यंत ती टिकली पाहिजे ना."

"अन् सामना?"

"मुली खेळतील. आजारपणात इतकी वर्षं रक्त मी लोकांचंच घेतलंय, प्रभाकर. माझ्याकडे कुणी पहिल्यांदा मागतंय."

पेशी द्यायला जाताना नागपूरला गाडी प्रभाकर यांनीच चालवली.

अंतिम सामना विजयानं घरातूनच पाहिला. मुली दोन गुणांनी हरल्या. शेवटच्या चढाईत कर्णधारानं घाई केली. आपण रेषेपाशी असतो तर डोळ्यानंच थांबवलं असतं, असं विजयाला वाटत राहिलं. त्या संध्याकाळी ती जेवली नाही.

रेवतीचा ताप हळूहळू उतरला. प्राणवायूची नळी निघाली, त्या दिवशी तिनं स्वतः फोन केला. आवाज बारीक होता. "ताई, डॉक्टर म्हणाल्या तुमच्या पेशी माझ्यात वाढतायत. मला काय बोलावं सुचत नाही."

"नको बोलू. दम लागेल," विजया म्हणाली.

लशीच्या आणखी एका डोसानंतर विजयाचा टी-पेशींचा आकडा पुन्हा चढला. नव्या हंगामाच्या पहिल्या सरावाला ती मैदानात उतरली. मुलींनी तिच्याभोवती कडं केलं. कर्णधाराच्या पायांची ठेवण ती दुरुस्त करत होती, तेवढ्यात फोन वाजला.

"विजयाताई, नांदेडच्या एका रुग्णाशी तुमच्या पेशी जुळतायत," डॉ. शेख म्हणाल्या. "तुम्ही नाही म्हणालात तरी मी समजून घेईन."

मुली थांबून तिच्याकडे बघत होत्या. विजयानं त्यांना खेळत राहायची खूण केली आणि रेषेबाहेर आली.

"या वेळी मैदान किती दिवस सोडावं लागेल?" तिनं विचारलं.