चोवीस बोल्ट कुठं गेले?

“फासा! थोबाडाला फासा त्याच्या!”

किशनराव सरांनी म्हणायचा अवकाश, दोघातिघांनी डब्यातलं जळकं ऑइल उचललं आणि फारूक मिस्त्रीच्या तोंडाला फासलं. सकाळी दहा वाजता, लातूरच्या गॅरेज लाइनीत, त्याच्याच दुकानासमोर! बघ्यांतले काही जण हसले. एकाने तर मोबाइल काढून फोटो घेतला.

बारा वर्षांची इकरा शटरला पाठ टेकून उभी होती. अब्बांच्या भुवयांवरून ऑइल डोळ्यात उतरत होतं, पण ते पुसायलाही हात उचलत नव्हते. इकराला रडू येत नव्हतं. तिला कुणाला तरी कडकडून चावावंसं वाटत होतं!

किशनराव सर म्हणजे लातुरातलं बडं प्रस्थ. त्यांच्या क्लासची पोरं दरवर्षी बारावीत झळकायची. सरांनी डोंगरदऱ्या तुडवणारी दणकट पिकअप घेतली होती; ती तुडवायची मात्र क्लास ते हॉस्टेल एवढाच रस्ता. रुबाबासाठी सरांनी तिला रुंद टायर घातले. ते गाडीच्या अंगाबाहेर डोकावायला लागले, म्हणून चारही चाकांवर काळ्या प्लॅस्टिकच्या कमानी बसवायचं काम अब्बांकडे आलं. गॅरेजवाले त्यांना फ्लेअर म्हणतात. टायर घासू नये म्हणून अब्बांनी त्यांच्या कडा बेताने कापल्या, घासून गुळगुळीत केल्या आणि फ्लेअर बोल्टांनी आवळून दिले.

त्याला पंधरा दिवस झाले नाहीत, तोच काल दुपारी हॉस्टेलकडे जाताना चाकूरच्या फाट्यावर भरधाव पिकअपचा एक फ्लेअर उडाला. तो बसला शेंगा विकणाऱ्या पार्वतम्माच्या हातावर. भूकंपाने तिचं घर नेलं होतं, दोन लेक नेले होते. पोट भरायला राहिले होते ते दोन हात. त्यातल्या उजव्या हाताची मूठ आता कधीच वळणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

“ऐका मिस्त्री,” सर म्हणाले, “पाच वाजता माझ्या टॉपर पोरांची मिरवणूक हाय. त्याच्या आत क्लासवर या आणि लिहून द्या, की बोल्ट तुम्ही आवळलेच न्हाईत. न्हाई तर तुमचं हे शटर पुन्हा वर जाणार न्हाई!”

“सर, मैंने एकेक बोल्ट...”

“गप!”

गर्दी पांगली. अब्बा नळाखाली तोंड घासत राहिले, आणि इकरा तडक मागच्या बोळात गेली. तिथे मल्लिनाथ आणि शिवकन्या तिची वाटच बघत होते. शेजारच्या नट-बोल्टच्या दुकानाचे मालक बसवराजअण्णा, त्यांची ही दोन पोरं. मे महिन्याच्या सुट्टीत तिघं दिवसभर एकत्र उंडारायची.

“अब्बा बोल्ट ढिला सोडूच शकत न्हाईत!” इकरा म्हणाली. “बोल्ट आवळला की ते त्याच्यावर अन् पत्र्यावर मिळून एक लाल रेघ मारतात, अम्मीच्या नेलपॉलिशनं. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसती. नेलपॉलिश संपली म्हणून अम्मी रोज भांडती!”

“अन् बोल्ट आपल्याच दुकानातनं गेलेत की!” मल्लिनाथ म्हणाला. “एका फ्लेअरला सहा, चोवीस झाले. अण्णांच्या समोर मीच मोजून दिलेत.”

“मग सकाळी अण्णा तिथंच उभे होते, तरी बोलले का न्हाईत?” शिवकन्याने विचारलं.

मल्लिनाथने चपलेने माती उकरली. “सरांच्या हॉस्टेलचं सगळं सामान आपल्याकडनं जातंय ना...”



“चला,” इकराने त्याचा हात ओढला. “अजून तीन फ्लेअर गाडीवर हायत. तेच बघू!”

क्लासच्या पटांगणात पिकअप नवरीसारखी नटून उभी होती. टॉपर पोरांचे हातभर फोटो दारांवर चिकटवले होते. उडालेल्या फ्लेअरच्या जागी झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. मल्लिनाथने सरांसमोर जाऊन असे काही हात जोडले, की एखाद्या पुढाऱ्यालाही जमले नसते.

“सर, मला तुमच्याच क्लासात यायचंय! टॉपर लोकांची गाडी धुवायला मिळाली, तर लई नशीब!”

“असं? धू, धू!” सर खूश झाले. “टायर चकाचक पाहिजेत!”

सरांची पाठ वळताच बादली घेऊन इकरा पुढच्या चाकाजवळ गाडीखाली शिरली आणि तिने फ्लेअरच्या आत हात घातला. बोल्ट नव्हता! दुसराही नव्हता! फ्लेअरची कड कुणीतरी करवतीने आणखी कापली होती, वेडीवाकडी, उंदराने कुरतडल्यासारखी. भोकं होती ती पट्टीच कापून टाकलेली! एवढा मोठा फ्लेअर उरला होता तो नुसत्या जाड, पांढऱ्या, दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपवर.

“अगं, हे टॉपरचे फोटो चिकटवलेत ना, तीच टेप ही!” शिवकन्या कुजबुजली.

“ए! तिकडं कोण हाय?”

सरांचा ड्रायव्हर सटवाजी! त्याने वाकून इकराला बघितलं आणि तिच्या जमिनीवर टेकलेल्या हातावर सरळ बूट ठेवला.

“फारूकची पोरगी ना तू?” बूट दाबत तो म्हणाला. “तोंड उघडलंस तर तुझा हात त्या म्हातारीच्या हातासारखा करीन. समजलं?”

इकराने ओठ दातांखाली धरला. बोटं काळीनिळी झाली, पण ती ओरडली नाही. ओरडली असती तर तिघांनाही हाकलून दिलं असतं!

पाच वाजले. बँडवाल्यांनी सूर लावला. टॉपर पोरं हार घालून पिकअपवर चढली. बंदोबस्ताला आलेले मलप्पा जमादार घाम पुसत उभे होते. सगळी गॅरेज लाइन मजा बघायला लोटली होती. गर्दीतून अब्बा आले. मानेवर अजून ऑइलचे काळे ओघळ होते. सरांनी कागद पुढे केला आणि सगळ्यांना दिसेल असं पेनाचं टोपण काढलं.

“करा सही!”

अब्बांनी पेन हातात घेतलं.

“ओढा!” इकरा किंचाळली.

तीन पोरं, तीन चाकं! दिवसभराच्या उन्हाने टेपचा डिंक पातळ झालाच होता. चर्रर्र करत तीनही फ्लेअर त्यांच्या हातात आले. बँड बंद पडला.

“जमादारकाका, बघा!” सुजलेल्या हाताने फ्लेअर उंच धरत इकरा ओरडली. “याला बोल्ट कुठाय? भोकं तरी कुठायत? आता गाडीचा पत्रा बघा! भोकं हायत, अन् प्रत्येक भोकाशी अर्धी लाल रेघ हाय! अब्बांनी आवळले होते बोल्ट. नंतर कुणीतरी काढले!”

जमादारांनी वाकून एकेक रेघ मोजली. मग त्यांनी सटवाजीकडे नुसतं बघितलं.

“मला काय बघता?” सटवाजी मागे सरकला. “सरांनी आणखी मोठे टायर आणले! ते घासायला लागले म्हणून मी फ्लेअर कापले, तर भोकंच गेली! सर म्हणाले, मिरवणूक होऊस्तोवर टेपवर भागव!”

सरांनी त्याच्या थोबाडीत अशी लगावली, की तो टायरवर जाऊन आपटला.

“खोटारडा! साहेब, सगळी चूक याचीच हाय!”

“ते ठाण्यात सांगा,” जमादारांनी गाडीची किल्ली काढून घेतली. “चला, दोघंबी. तिकडं बाईचा हात कायमचा गेलाय, अन् तुम्ही वाजंत्री लावताय?”

सरांना गर्दीतून नेलं, तेव्हा हार घातलेली टॉपर पोरं गाडीवर तशीच उभी होती. त्यांना खाली उतरा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

“मिस्त्री, वाघीण हाय तुमची पोरगी!” जाता जाता जमादार म्हणाले. मग काय, जो तो इकराची पाठ थोपटायला पुढे! सकाळी ज्याने फोटो काढला होता, तो तर सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होता. बसवराजअण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“शाब्बास गं माझी बाई! लाइनीचं नाव राखलंस!”

इकराने वर बघितलं.

“अण्णा, चोवीस बोल्ट तुमच्याच दुकानातनं गेले होते. तुम्हाला ठाऊक होतं. मग सकाळी तुम्ही का बोलला न्हाईत?”

टाळ्या थांबल्या. डोक्यावरचा हात हळूच खाली आला. मल्लिनाथ आणि शिवकन्या हातातले फ्लेअर तसेच धरून आपल्या बापाकडे बघत होते. मोठ्यांना उलटून बोललेलं अब्बा एरवी कधीच खपवून घेत नसत. आज ते इकराच्या शेजारी येऊन उभे राहिले, आणि अण्णांच्या उत्तराची वाट बघू लागले.