ज्याचं त्याचं पान

करंजवी खाडी बचाव समितीची बैठक एकमताने उरकली, असं अकरा वर्षांत कधी घडलं नव्हतं. चहा किती कप मागवायचा यावरूनही तिथे दोन तट पडत. त्यामुळे त्या शनिवारी दुपारी बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर सात जणांनी आपापले फोन खाली ठेवले आणि सातही हात एकदम वर गेले, तेव्हाच सुलभाताई पागधरेंच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. ती चुकचुकली नाही. उलट सगळ्यांत आधी हात वर केला तो त्यांनीच. पुढे त्यांना जितका राग संकेतस्थळाच्या कंपनीचा आला, त्याच्या दुप्पट राग स्वतःच्या त्या हाताचा आला.

ठरवायचं होतं ते एवढंच, की समितीचं नवं संकेतस्थळ कुठल्या प्रणालीवर उभं करायचं. सुलभाताई समितीच्या चिटणीस. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून उभा जन्म गेलेला, त्यामुळे आकड्यांशी खेळ त्यांना खपत नसे. दर गुरुवारी ओहोटीला त्या औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याच्या नळापाशी जात, तीन ठिकाणचं पाणी बाटल्यांत भरत, तपासत आणि आकडे संकेतस्थळावरच्या तक्त्यात टाइप करत. ती जुनी मजकूर-प्रणाली म्हणजे साधी पाटी. जे लिहाल तेच सगळ्या जगाला दिसणार. पण तिची देखभाल तिच्या कर्त्यांनीच सोडून दिली होती, आणि दोनदा कोणीतरी आत शिरून खाडीच्या पानावर लॉटरीच्या जाहिराती लावून गेलं होतं.

दुसरा पर्याय होता सरकारी साच्याचा. तो फुकट होता, पण प्रत्येक ओळ तालुक्याच्या साहेबांनी मंजूर केल्यावरच झळकणार. हे ऐकून अध्यक्ष हरेश्वर तरे एवढे भडकले, की त्या पर्यायाची चर्चाच झाली नाही.

तिसरी प्रणाली होती ‘सुसंवाद’. ती घेऊन निरंजन सबनीस नावाचे कंपनीचे गृहस्थ आले होते. त्यांनी समजावलं, की तुम्ही फक्त कच्चा मजकूर द्यायचा. आकडे, फोटो, टिपणं, जे असेल ते. पान आधीपासून लिहून ठेवलेलं नसतं, वाचक उघडतो त्या क्षणी ते जुळतं. वाचकाची नजर कुठे रेंगाळते, कुठून पळते, हे फोनच्या कॅमेऱ्यातून टिपून प्रणाली त्याच्या कलाने मांडणी करते.

“आकडे बदलणार नाहीत ना?” सुलभाताईंनी विचारलं.

“एकही नाही. प्रणाली खोटं लिहीत नाही, ताई. ती फक्त निवडते.”

माणूस खरं बोलत होता, आणि तेच सगळ्यांत वाईट होतं. सबनीसांनी अकरा वर्षांचा मजकूर आत भरला आणि सगळ्यांना आपापल्या फोनवर पान उघडायला सांगितलं. सुलभाताईंना वाटलं होतं, नटलेलं-थटलेलं काहीतरी निघेल. निघाला तो त्यांचाच तक्ता, दशांशासकट, एकही विशेषण नसलेला. त्या विरघळल्या. शेजारी तरे आपल्या फोनकडे बघत जोरजोरात मान हलवत होते. उपाध्यक्ष दत्ताराम मोकल, ज्यांचा जावई वसाहतीतच पाळीवर जातो आणि जे दर बैठकीतून उठून जात, तेही समाधानाने हसले. दुसऱ्याच्या फोनात डोकावणं बरं दिसत नाही, म्हणून कोणी डोकावलं नाही.

त्यानंतरचे सात महिने सुखाचे गेले. संकेतस्थळ वाचणारे दसपट झाले. आजवर एका ओळीचंही उत्तर न देणारी कार्यालयं गोड गोड पत्रं पाठवू लागली. बैठका अर्ध्या तासात संपत. तरे ओरडत नव्हते, मोकल उठून जात नव्हते. समिती एकदाची शहाणी झाली, असं सुलभाताईंना वाटलं.

मग वसाहतीच्या दुसऱ्या नळाची सुनावणी लागली. एका नळाने खाडी निम्मी मेली होती, दुसऱ्याने उरलेली मरणार हे उघड होतं. समितीने हरकतीच्या अर्जात लिहिलं, पुरावे आमच्या संकेतस्थळावर पाहावेत. सुनावणीच्या अधिकारी बाई सरळ होत्या. त्यांनी समोरच्या पडद्यावर पान उघडलं आणि नोंदीसाठी मोठ्याने वाचलं, “करंजवी खाडीत जुलै ते सप्टेंबर या काळात विरघळलेल्या प्राणवायूची सरासरी लिटरमागे सहा मिलिग्रॅम असून ती माशांना पुरेशी आहे.”

सुलभाताई ताडकन उभ्या राहिल्या. “मॅडम, हे कुठलं पान?”

“तुमचंच, ताई.”

त्यांनी आपला फोन पुढे धरला. त्यावर मे महिन्याचे आकडे होते, शून्य पूर्णांक आठ. चाराच्या खाली मासा तगमगतो, एकाच्या खाली तो गुदमरून मरतो. दोन्ही आकडे त्यांनीच मोजलेले, दोन्ही खरे. पावसाळ्यात नदीचं पाणी खाडी धुऊन काढतं, तेव्हा आकडा चढतो एवढंच. पण बाईंची नजर लांब तक्त्यांवरून पळते आणि सरासरीपाशी थांबते, हे प्रणालीने हेरलं होतं. निकाल देणाऱ्या माणसाला सोपं जाईल ते तिने काढून हातात ठेवलं. कारखान्यांच्या वकिलांच्या फोनवर तर तिसरंच पान होतं. चार वर्षांपूर्वी वसाहतीच्या शुद्धीकरण केंद्राला दिलेल्या भेटीत सुलभाताईंनी ‘यंत्रणा चालू होती’ असं प्रामाणिकपणे टिपलं होतं, ते त्यावर सगळ्यांत वर झळकत होतं. वकिलांनी युक्तिवाद केलाच नाही. त्यांनी फक्त समितीचे आभार मानले.

सुलभाताईंच्या कानशिलांतून जाळ निघाला. त्यांनी तिथेच सगळा कच्चा मजकूर दाखवायची तयारी दर्शवली, पण बाई थकल्यासारख्या म्हणाल्या, “तुमच्याच पानाला तीन तोंडं असतील, तर मी कोणत्या तोंडाचं ऐकू?”

दुसऱ्या नळाला परवानगी मिळाली. अपिलाला तीस दिवस होते.

सुलभाताईंनी कचेरीच्या पायरीवरूनच सबनीसांना फोन लावला. चार खडे बोल सुनावून झाल्यावरही तो माणूस शांत होता. त्याला खरोखरच चूक दिसत नव्हती. म्हणाला, “ताई, वाचकाला पटावं म्हणूनच तर तुम्ही ही प्रणाली निवडली.”

“काय पटावं?”

“पान.”

त्यांनी फोन बंद केला. दुसऱ्याच दिवशी दुपारी त्यांनी समिती माडीवर बोलावली आणि प्रत्येकाला आपापलं पान मोठ्याने वाचायला लावलं. तऱ्यांच्या पानावर कारखानदार खुनी होते, आणि दोन्ही नळ उखडेपर्यंत लढा होता. मोकलांच्या पानावर रोजगार आणि मासेमारी यांचा मेळ होता, आणि दुसरा नळ अटींवर चालणार होता. मासळी विकणाऱ्या ठकूबाई वैतींना वाचता येत नाही, म्हणून त्यांचं पान बोलायचं. ते कारखान्यांचं नावही घेत नव्हतं. त्यात बोय, निवट्या असे खाडीतले मासे होते, त्यांच्या सासूच्या काळातली मासळीने भरलेली पाटी होती.

“अटींवर?” तरे उठले. “तू सात महिने माझ्या मांडीला मांडी लावून बसलास, आणि तुला नळ चालणार होता?”

“समितीचंच ठरलंय ते,” मोकल म्हणाले. “माझ्या पानावर लिहिलेलं आहे.”

मग जो भडका उडाला, तो खालच्या बर्फवाल्यांनाही ऐकू गेला. सात महिन्यांचं साचलेलं सगळं एकदम बाहेर आलं. सुलभाताईंनी कोणाला आवरलं नाही. आवरणार तरी कोणत्या तोंडाने? स्वतःच्या तक्त्यावर भाळून त्यांनीच ही अवदसा घरात घेतली होती. आपल्या मनासारखं दिसलं की आपण दुसऱ्याला विचारत नाही, याचा त्यांना संताप येत होता, आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं.

शेवटी त्यांनी एक कोरा कागद टेबलावर आपटला. म्हणाल्या, अपील यावर लिहायचं. एकच पान, सगळ्यांना तेच दिसेल, आणि खाली सातही सह्या. पहिलं वाक्य त्यांनी स्वतःच सुचवलं, की खाडी मरते आहे. मोकलांना ‘मरते’ नको होतं. तऱ्यांना ‘मारली जाते’ हवं होतं. पाऊण तास गेला आणि कागदावर एक काना उमटला नाही.

ठकूबाई कोणाकडे न बघता म्हणाल्या, “मना वाटलं, आपन समदी येकच भांडन भांडताव.”

सुलभाताईंनी पेनाचं टोपण काढलं. मोकल दारापर्यंत गेले होते, पण बाहेर पडले नव्हते. जे एक वाक्य एकालाही पुरतं पटणार नाही, त्याखाली सात जण सही करतील का, आणि तीही तीस दिवसांत?